डबल क्लिकला हजर, एफ-फाइव्हला गैरहजर

फाइल जागेवर असते. नावात चूक नसते, अँटीव्हायरसनेही ती गिळलेली नसते. प्रोग्रामवर डबल क्लिक केलं की गेम सुरू होतो, चित्रं दिसतात, संगीत वाजतं. तोच प्रोग्राम व्हिज्युअल स्टुडिओतून एफ-फाइव्ह दाबून चालवा, की म्हणतो, फाइल सापडत नाही. चुका शोधायला नेमलेल्या डीबगरच्या हाती गेल्यावरच नेमका हा आंधळा होतो!

खरं तर पत्ता आपणच अर्धा दिलेला असतो. ‘असेट्स फोल्डरमधलं चित्र घे’ म्हणजे ‘मारुतीमागची दुसरी गल्ली’. कुठला मारुती, हे ऐकणारा कुठे उभा आहे त्यावर ठरणार. प्रोग्राम जिथे उभा असतो ती त्याची वर्किंग डिरेक्टरी, आणि ती ठरवतो त्याला सुरू करणारा. डबल क्लिकवर एक्सप्लोरर त्याला त्याच्याच फोल्डरात उभा करतो. व्हिज्युअल स्टुडिओला वेगळं काही सांगितलं नसेल, तर तो प्रोजेक्टच्या फोल्डरात उभा करतो. सीमेक वापरलं तर त्याने बनवलेली प्रोजेक्ट फाइल बिल्ड फोल्डरात असते, प्रोग्राम त्याच्या आत डीबगमध्ये आणि चित्रं प्रोग्रामशेजारी. चुकामूक होते ती एवढ्या एका फोल्डरने.

यात थोरामोठ्यांनाही सूट मिळालेली नाही. डेनिस रिची यांनी लिहून ठेवलंय, की पीडीपी-७ वरच्या युनिक्समध्ये फोर्क आलं, प्रत्येक कमांड नव्या प्रोसेसमध्ये चालू लागली आणि डिरेक्टरी बदलायची कमांडच निकामी झाली. म्हणजे ती इमानेइतबारे डिरेक्टरी बदलायची, पण त्या नव्या प्रोसेसची, म्हणजे पोराची. आणि काम झालं की पोर लगेच निजधामाला. बाप शेल होता तिथेच. बरंच कोड वाचून झाल्यावर हे उमगलं आणि ते काम शेलने स्वतःकडे घेतलं. ‘सीडी’ आजही शेलच्या पोटातच असते.

आपल्याकडचे उपाय जास्त रंगतदार. एक पंथ असेट्स फोल्डर दिसेल तिथे चिकटवतो. मग डिझायनरने बदललेलं चित्र सोडून बाकी सगळी चित्रं दिसतात. दुसरा पंथ सी ड्राइव्हपासून स्वतःच्या नावासकट पूर्ण पत्ता कोडमध्ये कोरतो. तो रजेवर गेला की टीमही रजेवर. तिसरा पंथ स्वतःला शहाणा समजतो: प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीज, डीबगिंग, वर्किंग डिरेक्टरी, ओके. हे सगळं साठतं एका डॉट-युजर फाइलमध्ये. गिटला ती बहुधा वर्ज्य, त्यामुळे शेजारच्याला पत्ताच नाही. शिवाय ते डीबगपुरतंच. रिलीज निवडलं की पुन्हा रुसवा.

“सर, काल तर चालत होतं!”

“बिल्ड फोल्डर उडवलास का?”

“हो. सीमेक बिघडलं की आधी तेच करतात ना?”

तेच करतात. आणि त्याबरोबर ती डॉट-युजर फाइलही जाते.

म्हणून वर्किंग डिरेक्टरी माऊसने सांगायची नाहीच. तिची जागा सीमेकलिस्ट्समध्ये. २०१७च्या ३.८ आवृत्तीपासून सीमेकमध्ये व्हीएस-डीबगर-वर्किंग-डिरेक्टरी नावाची टार्गेट प्रॉपर्टी आहे, एक्सकोडसाठी अशीच सोय ३.१७ मध्ये आली. मात्र व्हिज्युअल स्टुडिओत सोल्यूशनऐवजी नुसतं फोल्डर उघडत असाल, तर ही प्रॉपर्टी कुणी विचारत नाही. तिथे लाँच डॉट व्हीएस डॉट जेसनमध्ये करंट-डिर लिहावं लागतं. तेवढी एक ओळ आजच लिहा. कंटाळा आला असेल, तर निदान मेनच्या पहिल्या ओळीत करंट पाथ छापा आणि मगच गायब फाइलची तक्रार घेऊन या.