सुलभ नदीकाठ

‘सुलभ’ हा शब्द आपल्याकडे एकाच वास्तूला चिकटल्यामुळे, ‘नदीकाठी सुलभ वाट कुठे आहे?’ असं पालीत विचारलं तर लोक आदराने एस.टी. स्टँडकडे बोट दाखवतात. आमच्या आत्याला मात्र खरोखर नदीच बघायची होती. गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, चाकांची खुर्ची गाडीच्या डिकीत, बल्लाळेश्वराचं दर्शन झालेलं. ‘चिमाजीअप्पांनी वसईहून आणलेली घंटा पाहिली, आता अंबा दाखव,’ ती म्हणाली. ‘आणि सपाट वाटेने ने रे. मला सरसगड चढायचा नाहीये.’

खरं तर सरसगडाचं बरं आहे. तिथे कातळात कोरलेल्या 96 पायऱ्या आहेत. ज्यांनी गड जिंकायला येणाऱ्या शत्रूच्याही पायांची एवढी सोय केली, त्यांच्या वंशजांना नदीपाशी जायला साधा एक उतार सुचू नये!

वाट नव्हतीच असं नाही. होती, म्हशींनी पाडलेली. रॅम्पचा हिशेब सोपा असतो, फूटभर उंचीला बारा फूट लांबी. रस्त्यापासून पाण्यापर्यंत मी नजरेने दहा फूट धरले, म्हणजे झाले 120. म्हशींनी तेच काम पंधरा फुटांत उरकलं होतं, तेही निविदा न काढता. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 सालचा. पण तो म्हशींना कोण वाचून दाखवणार?

तरी मी आत्याला म्हटलं, जे आहे त्यात समाधान मान. आपल्याकडे एकदा का नदीकाठ ‘विकसित’ झाला की आधी कमान उभी राहते. मग कमानीवर सात जणांचे फोटो. मग सेल्फी पॉइंट, त्यात गावाच्या नावाआधी लाल बदाम. सिमेंटचे बाक, बाकांवर देणगीदार, बाकांपुढे कचरा टाकायला तोंड उघडून बसलेला सिमेंटचा बेडूक. दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून लोखंडी खांब, आणि त्या खांबांतून दुचाकी आरामात जाते, चाकांची खुर्ची तेवढी अडकते. एवढं झाल्यावर नदी दिसायला जागा उरली, तर तिथे उद्घाटनाची कोनशिला.

सुलभतेचा खरा मान अंबेलाच द्यायला हवा. बोरघाटाच्या अंगाने उतरते, जांभूळपाडा, पाली, नागोठणे करत धरमतरच्या खाडीला मिळते. कुणाला वाट विचारत नाही. पुलावरून पाणी गेलं, वाकण-पाली रस्ता बंद, ही बातमी इतकी पावसाळी झाली आहे की वार्ताहर नुसती तारीख बदलत असावेत. जुलै 1989 मात्र जांभूळपाड्यात कुणी विसरत नाही. त्या पुरात कितीतरी माणसं गेली, आणि तिथे हे सदर गप्प बसतं.

आत्याची खुर्ची शेवटी रस्त्याच्या कडेलाच लावली. समोर करंजाची झाडं, त्यांच्यामधून हातरुमालाएवढं पाणी चकाकत होतं. तिने चष्मा पुसून ते दोनदा पाहिलं. तेवढ्यात म्हशींची एक रांग आमच्यापुढून डुलत डुलत उतारावरून खाली गेली, आणि शेवटच्या म्हशीमागचा पोरगा थबकला.

‘आजी, नदी बघायचीय? मग आता कशाला आलात? जुलैत या की. तेव्हा तीच रस्त्यावर येते.’

आत्याने पर्स उघडून त्याच्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवला. मग मला म्हणाली, ‘याला विचारून घे रे, साधारण किती तारखेला?’