क्यूआर कोड आणि गाळलेला मास्तर

शिक्षकांकडे साधनं नाहीत, असं चेन्नईत तरी कुणी म्हणू नये. 2017मध्ये केंद्राचं 'दीक्षा' पोर्टल आलं, 2018मध्ये तमिळनाडूच्या नव्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड उमटले, 2019मध्ये 'कल्वी' वाहिनी सुरू झाली आणि 2023मध्ये 'मणर्केणी' ॲप. साधनं वाढत गेली. तास वाढवायचं तेवढं राहून गेलं.

व्यवस्था चोख आहे. कोड पुस्तकात, पुस्तक मुलाच्या दप्तरात, फोन बापाच्या खिशात आणि बाप कामावर. वर्गात एक फोन असतो, बाईंचा. तो हजेरी भरण्यात गुंतलेला. हजेरी चढेपर्यंत घंटा होते. ॲप कसं वापरावं याचं प्रशिक्षणही ऑनलाइनच. शेवटी प्रमाणपत्र मिळतं, तेही अपलोड करायचं असतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि 2020चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. हा धडा सगळ्यांनी इमानेइतबारे गिरवला. कोड घेतला, मास्तर गाळला.

कोरोनात शिक्षणाला पडलेलं खिंडार बुजवायला तमिळनाडू सरकारनं 2021मध्ये 'इल्लम तेडी कल्वी' योजना काढली. स्वयंसेवकांनी संध्याकाळी वस्तीत जायचं आणि मुलांना समोर बसवून शिकवायचं. पासवर्ड नाही, अपडेट नाही, आणि मूल पेंगतंय हे लगेच कळतं. इतकं मागासलेलं तंत्रज्ञान चालू लागलं, तर ॲपवाल्यांनी खायचं काय?