गॉगलचा चिकित्सक ग्राहक

नागपूरच्या मध्यमवर्गीय वस्त्यांत, विशेषतः निवृत्तीला टेकलेल्या अभियंत्यांत, प्राध्यापकांत आणि बँक अधिकाऱ्यांत, आढळणारा एक मानवप्रकार म्हणजे चिकित्सक ग्राहक होय. पंखा, गादी, पाण्याचा फिल्टर अशा कोणत्याही वस्तूवर त्याची चिकित्सा चालू शकते; तथापि तिचे सर्वांत शुद्ध रूप पाहावयाचे असेल तर ते एप्रिलअखेर, पारा ४३ अंशांपलीकडे सरकल्यावर, ‘पोलराइज्ड गॉगल घ्यावा की साधाच?’ या प्रश्नाच्या निमित्ताने पाहावे, कारण या एका वस्तूत भौतिकशास्त्र आहे, नेत्रवैद्यक आहे आणि फसवले जाण्याची मुबलक सोयही आहे. सामान्य माणूस गॉगल चढवून आधी आरशात डोकावतो. चिकित्सक ग्राहकाच्या मते आपण कसे दिसतो हा मुद्दा विषयांतराचा असतो.

त्याचा आरंभ सिद्धान्तापासून होतो. प्रकाशलहरींची कंपने एरवी सर्व दिशांनी होत असतात. परंतु पाणी किंवा काच यांसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश तिरका परावर्तित झाला की त्यात बहुतांशी आडवी कंपनेच उरतात. यालाच प्रकाशाचे ध्रुवण म्हणतात, आणि पोलराइज्ड काचेतील पातळ पापुद्रा नेमकी ही आडवी कंपने अडवून डोळे दिपवणारी तिरीप कापून काढतो. एवढे कळले की गॉगल घ्यावयास हरकत नसावी. पण चिकित्सक ग्राहक इतिहासात शिरतो. १८०८ मध्ये एतिएन-लुई माल्यूस यांनी पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून उसळलेले ऊन कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिले तेव्हा परावर्तनातील ध्रुवण प्रथम ध्यानात आले, आणि १८१५ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी ते कोणत्या कोनात सर्वाधिक होते याचा नियम सांगितला. पाण्याच्या बाबतीत तो कोन सुमारे ५३ अंशांचा येतो. १८५२ साली ब्रिस्टलचे वैद्य विल्यम हेरापाथ यांच्या शिष्याने क्विनीन दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन टाकले असता हिरवट चकाकणारे स्फटिक मिळाले, ते प्रकाशाचे ध्रुवण करतात असे हेरापाथ यांना आढळले, आणि पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीस एडविन लँड यांनी असेच अतिसूक्ष्म स्फटिक एका पापुद्र्यात ओळीने बसवून आजच्या काचेचा पाया घातला. ही हकीकत तो शक्यतो जेवणाच्या पंगतीत, ताक वाढले जात असताना सांगतो.

दुकानातील प्रसंग अधिक बोधक असतो. सीताबर्डीवरचा दुकानदार ठेवणीतले कार्ड काढतो, ज्यात दडलेला मासा केवळ पोलराइज्ड काचेतूनच दिसतो, आणि “काका, डोळ्याले एकदम थंडं वाटते” असे म्हणतो. मासा दिसल्याने पापुद्रा आहे इतकेच सिद्ध झाले, तो नीट बसवला आहे हे नव्हे, असे ग्राहक सांगतो. मग दोन गॉगल एकावर एक आडवे-उभे धरून मधला भाग काळाकुट्ट होतो का ते तपासतो, स्वतःच्या मोबाइलच्या पडद्यासमोर एक गॉगल चाकासारखा फिरवतो आणि शेवटी अतिनील किरणांचे काय, असे विचारतो. थंडाव्याची ग्वाही देणाऱ्या दुकानदाराकडे याचे उत्तर नसते. येथे न्याय ग्राहकाच्या बाजूने द्यावा लागतो: ध्रुवण आणि अतिनील किरणांपासूनचे संरक्षण या सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरीसाठी ‘यूव्ही ४००’, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी, काच लागते, आणि ते संरक्षण नसलेली नुसती गडद काच वाईटच, कारण काळोख झाला समजून बाहुली विस्फारते आणि नको ते किरण अधिकच आत घेते.

त्याची खरी प्रतिभा सिमेंटच्या रस्त्यांवर प्रकट होते. नागपुरात असे रस्ते पुष्कळ झाले असून मे महिन्यात ते डोळ्यांत सुईसारखे टोचतात. मात्र फिक्या, खरबरीत पृष्ठभागावरून प्रकाश विखुरतो तेव्हा त्याचे ध्रुवण फारच कमी उरते आणि काळ्या डांबरावर ते अधिक असते, हे रशियन शास्त्रज्ञ उमोव्ह यांनी १९०५ मध्येच दाखवले आहे. तात्पर्य, पुढच्या मोटारीची मागची काच आणि फुटाळा तलावाचे पाणी यांपुरता पोलराइज्ड गॉगल खरोखर उपयोगी आहे. सिमेंटसाठी साधा, पण चांगला, गडद गॉगलही बहुतेक तेवढेच काम करतो. हा ग्राहक फुटाळ्यावर सूर्यास्तानंतर जातो, सकाळी आठच्या आत भाजी आणतो आणि भर दुपारी निघालाच तर डोक्याला दुपट्टा गुंडाळून रिक्षाने निघतो. हिशेबाने गरज शून्य ठरते, तरीही प्रश्न मिटत नाही, कारण न घेणे हाही निर्णयच असून त्यालाही पुरावा हवा असतो. दरम्यान पत्नी एवढेच सुचवते की गॉगलचे काय ते ठरेल तेव्हा ठरेल, आधी कूलरच्या ताट्या बदला.

अखेर पुण्याची मुलगी एक पोलराइज्ड गॉगल परस्पर पाठवून देते. तो सर्व कसोट्यांना उतरतो, याचे ग्राहकास काहीसे वाईट वाटते. पण पेट्रोल पंपावर पैसे देताना मोबाइलचा पडदा काळा पडतो आणि त्याचा चेहरा उजळतो. अशा पडद्यांतून निघणारा प्रकाश मुळातच ध्रुवित असल्यामुळे काही मोबाइल उभे धरले की आणि काही आडवे धरले की असे घडते. उपाय म्हणून तो गॉगल कपाळावर सरकवतो आणि बहुतेक वेळ तेथेच ठेवतो. सिग्नलला मात्र तो डोळ्यांवर येतो, कारण त्यातून पुढच्या मोटारीच्या मागच्या काचेवर निळसर ठिपक्यांची नक्षी दिसते. ती काच सदोष नसून कडक करताना तिच्यात राहिलेला ताण या ठिपक्यांच्या रूपाने दिसतो, हे तो शेजारच्या स्कूटरवाल्याला ब्रूस्टरपासून समजावून सांगू लागतो आणि माल्यूसकडे वळणार, इतक्यात स्कूटरवाला म्हणतो, “काका, हिरवा झाला न!”