रंगाऱ्याच्या नावावर वाडा

ओळीच्या शेवटी एक स्पेस राहून गेला होता. तो कुणाला दिसत नव्हता, कुणाच्या वाटेत येत नव्हता, आणि प्रोग्राम त्याच्यासकट बिनबोभाट चालत होता. पण मुक्तस्रोत प्रकल्पांत सुधारकांची एक जमात असते, तिला तो दिसतो. मग सुधारक बाह्या सरसावून सगळ्या फायलींवर झाडू फिरवतो. जाता जाता टॅबचे स्पेस करतो, कंस खालच्या ओळीत आणून बसवतो, आणि तीन-चारशे फायलींच्या कमिटवर संदेश लिहितो: 'किरकोळ साफसफाई'.

किरकोळ! मेकफाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. तिथे स्पेस आले की 'मिसिंग सेपरेटर' म्हणत बिल्ड अंग टाकते. मार्कडाउनमध्ये तर ओळीच्या शेवटचे दोन स्पेस म्हणजे 'इथे ओळ तोडा' अशी आज्ञाच. ते पुसले, की रीडमीतल्या चार ओळी एकीत एक गुंततात. सुधारकाला हे दाखवलं तर तो विचारतो, असं मुळात लिहायचंच कशाला? (त्यात तथ्य आहे, हे आणखी चीड आणणारं.)

खरी मजा चार महिन्यांनी, रात्री दीड वाजता. बग सापडतो, प्रोग्रामर 'गिट ब्लेम' चालवतो, आणि ओळीमागून ओळ एकच नाव: सुधारकाचं. ब्लेम हा कोडचा सातबारा. वाडा बांधला आजोबांनी, गहाणातून सोडवला काकांनी आणि उताऱ्यावर नाव लागलं रंगाऱ्याचं! डॅश डब्ल्यू लावला की नुसते स्पेसचे बदल वगळले जातात, पण लांब ओळ तोडून तिच्या तीन केल्या असतील तर तोही हात टेकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये गिटच्या २.२३ आवृत्तीने उपाय दिला: साफसफाईच्या कमिटची यादी करा, ब्लेम ते ओलांडून मागे जाईल. मात्र त्या कमिटमध्ये निव्वळ साफसफाई हवी. सुधारकाने तर झाडता झाडता एक अट 'वाचायला सोपी' करून ठेवलेली असते. अट उलटी झालेली असते. बग तोच. रिव्ह्यूमध्ये कुणाला दिसला नाही, कारण चारशे फायलींचा डिफ वाचतो कोण? अंगठा वर करतात आणि मर्ज करतात.

आणि ज्या पोराने रात्री जागून मेमरी लीक शोधला, त्याचा पॅच वर्षभर तसाच पडून. आता त्यात पंचवीस मर्ज कॉन्फ्लिक्ट. मेन्टेनर त्यालाच सांगतो, रिबेस कर. का? त्याने का करायचं? ज्याने पसारा घातला त्याला का नाही बसवत? एवढी हौस असेल तर उघडे पॅच आधी निकाली काढा, रिलीजनंतरचा एक दिवस ठरवा, फॉर्मॅटर एकदाच चालवा आणि पुढची तपासणी सीआयवर सोपवा. गो भाषेने गोफम्ट देऊन टॅब की स्पेस हा तंटाच मिटवला. तिथे कुणाचं काही अडलं नाही. इथे मात्र ते काम हातानेच हवं, कारण यंत्राने केलं तर योगदानाच्या यादीत नाव कुणाचं येणार?

शेवटी मेन्टेनर ती वगळायची यादी करायला बसला. कमिटमध्ये त्याचा स्वतःचा ४० अक्षरी क्रमांक लिहिता येत नाही, म्हणून त्या नोंदीसाठी आणखी एक कमिट. घाईत क्रमांकाच्या शेवटी एक स्पेस राहिला.

सहा मिनिटांत पुल रिक्वेस्ट आली.