‘योग्य उमेदवार आढळला नाही’ यांस खुले पत्र

श्री. रा. रा. ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ यांसी,
मुक्काम : निवड समितीच्या इतिवृत्तातली शेवटची ओळ.

कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दिल्लीकडे आपल्याला लाडानं ‘एनएफएस’, म्हणजे ‘नॉट फाउंड सूटेबल’, म्हणतात. आमच्याकडे आपण पूर्ण नावानं वावरता आणि राखीव जागेवर आपला विशेष लोभ. त्या लोभाचा लाभ मलाही झाला, म्हणून आभाराचे हे चार शब्द.

आपली चिकाटी वाखाणण्यासारखी आहे. उमेदवार नेट किंवा सेट उत्तीर्ण असतो, पीएच.डी. असतो, त्याचे शोधनिबंध छाननीत मोजून झालेले असतात. कागदावर त्याला अडवायची सोय उरत नाही, तेव्हा आपण मुलाखतीच्या दालनात दबा धरून बसता. मला पहिलाच प्रश्न आला, ‘हे आडनाव कुठलं?’ मी गाव सांगितलं. ‘गावात कुठल्या बाजूला घर?’ आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारायचं, गाव मोठं निघालं तर वस्ती. ही संशोधनपद्धती आमच्या कोर्सवर्कमध्ये नव्हती. प्रबंधाची प्रत टेबलावर होती. तिच्यावर चहाचा ट्रे ठेवला गेला, तेवढाच तिचा उपयोग झाला.

माझ्यानंतर आत गेलेल्या मॅडम बाहेर येऊन सांगत होत्या : प्रबंधावर एक प्रश्न, बाकी सगळे मुलावर. केवढा आहे, सांभाळतं कोण, ऐन परीक्षेत आजारी पडला तर? त्यांच्या पुढच्या सरांनाही मुलं आहेत. ती बहुधा आपली आपण वाढत असावीत.

निकाल आपल्या बाजूनं लागला. जागा रिकामी राहिली. मग कॉलेज सुरू झालं आणि त्याच कॉलेजातून फोन आला, ‘सर, सीएचबीवर याल का? मुलांचं नुकसान होतंय.’ सीएचबी म्हणजे तासाप्रमाणे पैसे. गेलो. तोच विषय, तोच वर्ग, तोच अभ्यासक्रम. म्हणजे तासाच्या हिशेबानं मी योग्य, महिन्याच्या पगारानं अयोग्य. मे महिन्यात तास नसतात म्हणून पैसेही नसतात; तेवढा महिना मी पूर्णपणे आपल्या शेऱ्याप्रमाणे जगतो.

आपलं घराणं मोठं आणि जुनं. 1918 साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे एक नवे प्राध्यापक आले, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले. त्यांची व्याख्यानं ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही येऊन बसत. काही सहकाऱ्यांची हरकत मात्र निघाली ती पाण्याच्या भांड्यावरून : प्राध्यापकांसाठीच्या भांड्यातलं पाणी यांनी प्यायचं नाही. ते डॉ. आंबेडकर होते. 1933 साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सनं कमला भागवतांना, पुढच्या कमला सोहोनींना, बाई म्हणून नाकारलं, तेही सर सी. व्ही. रामन यांच्या तोंडून. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर पारखण्याच्या अटीवर घेतलं. मुंबई विद्यापीठ 1857 चं. तिथं कुलगुरूंच्या खुर्चीत पहिली बाई बसायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली.

आपले एक बंधू, तेरा बिंदूंची बिंदुनामावली, थोडक्या आयुष्यात बरंच करून गेले. 2017 साली अलाहाबाद उच्च न्यायालयानं आरक्षणासाठी विभाग हाच एकक धरला, 2018 साली यूजीसीनं तसं परिपत्रक काढलं. मग गणित सोपं झालं : चौथी जागा ओबीसीला, सातवी अनुसूचित जातीला, चौदावी अनुसूचित जमातीला. विभागात सहाच जागा असल्या की सातवी यायचीच नाही. कुणाला अयोग्य ठरवायचे कष्टसुद्धा नाहीत! जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घातला नाही. अध्यापक रस्त्यावर उतरले, मार्चमध्ये अध्यादेश निघाला, पुढे कायदा झाला आणि केंद्रीय संस्थांत आपले बंधू निवर्तले. 2020 साली आयआयटींसाठी नेमलेल्या समितीनं तर अध्यापकभरतीत आरक्षणच नको, अशी शिफारस केली. आपल्याला बेकार करण्याचाच तो डाव होता, जपून असा.

आपले कैवारी म्हणतात, गुणवत्तेशी तडजोड नको. अगदी मान्य. फक्त रिकामी खुर्ची कुठल्या वर्गाला काय शिकवते, तेवढं त्यांनी एकदा मुलांना सांगावं. आणि उमेदवार अयोग्य ठरला तर कशात कमी पडला, विषयात, शिकवण्यात की आडनावात, हे सहीनिशी एका ओळीत लिहावं. आपण आहातच शेवटच्या ओळीत; आणखी एका ओळीनं इतिवृत्ताचा कागद फाटणार नाही.

कळावे, लोभ नसावा ही विनंती.

आपला,
(तासापुरता) योग्य उमेदवार

ता. क. : हे पत्र ज्या उमेदवारांच्या हाती पडेल त्यांनी आपले मुलाखतीचे गुण माहितीच्या अधिकारात मागावेत. अर्जाला 10 रुपये लागतात.