मोती तलावावरची टिटवी

पुण्याचा मेहुणा ऐन मे महिन्यात जालन्याला आला, तोही तोफेएवढी लेन्स गळ्यात अडकवून. "दाजी, शहरातलं वन्यजीवन टिपायचंय." जालन्यात पाहुणे येतात ते सळया घ्यायला, नाहीतर बियाणं. पारा ४२च्या पुढं असताना पाखरं बघायला आलेला हा पहिलाच. बाहेरगावची बदकं शहाणी, उन्हाळ्याआधीच उत्तरेला निघून जातात.

पहाटे मोतीबागेत शिरलो तोच झाडीमागून खदाखदा हसण्याचा आवाज आला. मेहुणा जागीच थबकला. "तरस!" आपल्याकडचं तरस तसं हसत नाही, हसतं ते आफ्रिकेतलं. झाडीमागं हास्यक्लब होता.

शेजारचा मोती तलाव जुन्या काळी जमशेदखानानं बांधला आणि जमिनीखालच्या नळांतून पाणी गावात नेलं. हे मी सांगत असतानाच आटलेल्या काठावरून एक टिटवी उठली आणि थेट मेहुण्याच्या टोपीवर झेपावली. इतक्या जवळून त्याच्या लेन्सला काही दिसेना. टोपी सावरत तो मागं सरकला, तेव्हा बुटापासून हातभर अंतरावर अंडी दिसली. चार. घरटं म्हणजे खड्यांतली एक उथळ खळगी. अंड्यांवर मातकट, काळे ठिपके असे, की नजर जरा हलली तर पुन्हा शोधावी लागावीत.

आम्ही लांब जाऊन बसलो. थोड्या वेळानं टिटवी पाण्यात उतरली, पोट चिंब भिजवलं आणि तुरुतुरु येऊन अंड्यांवर बसली. अंडी उकडू नयेत म्हणून तिची ही सोय. आमच्या नळाचं पाणी पैठणहून, जायकवाडीतून येतं, तेही आलं तर. हिचं पोटाला बांधलेलं!

लिंबाखालच्या म्हाताऱ्यांचं लक्ष मात्र अंड्यांच्या जागेवर. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस दांडगा, ही समजूत.

"औंदा पार खाली घातल्यात," एक बाबा म्हणाले.

"मंग?"

"मंग काय, टँकरवाल्याला आत्ताच सांगून ठेवा."

मेहुण्याच्या कॅमेऱ्यात आली ती टिटवीची अर्धी शेपटी आणि एका बाबांचं अख्खं मुंडासं. दुसरा फोटो उत्तम आहे.

तुम्ही आलात तर सकाळी आठच्या आत या, काठावर खाली बघून पाय टाका आणि टिटवी ओरडायला लागली की मुकाट्यानं मागं फिरा.