तुघलकाचं रिलोकेशन

परदेशी नोकरी लागली की आधी शाळेचं रेटिंग बघायचं, मग भाडं, मग मराठी मंडळ आणि जमलंच तर बाबांचं ऑफिस. अमेरिकेत सरकारी शाळा सहसा घराच्या पत्त्यावर ठरते, त्यामुळे तिथल्या एडिसन गावात घर मिळालं की लेकराचं भलं झालं, अशी आजीसकट सगळ्यांची खात्री.

दौलताबादला आलेल्यांना ही चैन नव्हती. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानं दिल्लीच्या अमीर-उलेमांना बायकापोरांसह इकडे धाडलं. वाट चाळीस दिवसांची. पण टाउनशिप अशी, की बिल्डरनं ब्रोशर छापावं. दमास्कसच्या अल-उमरीनं (स्वतः इथे न येता, एजंटासारखं ऐकीव माहितीवर) लिहून ठेवलंय: सैनिक, वजीर, काझी, व्यापारी यांचे मोहल्ले वेगळे, प्रत्येकात मशीद, बाजार, हमामखाना, पिठाची गिरणी, भट्टीसुद्धा. राहणाऱ्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं. काही वर्षांनी परतायची मुभा मिळाली, तोवर पोरं दख्खनच्या बोलीत भांडायला लागली असणार. कित्येक कुटुंबं इथेच राहिली.

एडिसनच्या काकूही गेली कित्येक वर्षं म्हणतायत, 'पोरांचं शिक्षण झालं की परत येऊ.' तुघलकाचं परतीचं फर्मान निदान निघालं तरी होतं.